लहान मोटारीला टो बार बसवणे आणि त्यावरून मोटरसायकल नेणे

लहान मोटारीच्या मागे मोटरसायकल न्यायची म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते: मागे टो बार (ट्रेलर किंवा कॅरियर अडकवण्यासाठी मोटारीच्या मागे बसवलेला, गोळा असलेला लोखंडी दांडा), टो बारवर अडकवलेले लोखंडी कॅरियर आणि कॅरियरवर आडवी उभी केलेली मोटरसायकल. चित्र सुटसुटीत आहे, पण लहान मोटारीच्या बाबतीत ते जवळजवळ नेहमीच चुकीचे ठरते, आणि ते का चुकते हे पाना हातात घेण्याआधीच समजून घेतले तर पैसे आणि बंपर दोन्ही वाचतात. टो बार जरूर बसवावा, पण तो हलका ट्रेलर ओढण्यासाठी. मोटरसायकलचे वजन ट्रेलरच्या चाकांवर पडले पाहिजे, मोटारीच्या पाठीवर नव्हे.

याचे कारण साध्या तरफेत आहे. टो बारच्या गोळ्यावर वरून खाली किती वजन चालते याची मर्यादा निर्मात्याने ठरवलेली असते. तिला एस-मूल्य म्हणतात आणि लहान मोटारींना ती बहुधा ५० ते ७५ किलो असते. शंभर-सव्वाशे सीसीची साधी मोटरसायकल ११० ते १२५ किलोंची असते आणि कॅरियर आणखी पंचवीस-तीस किलोंचे, म्हणजे मर्यादा तिथेच दुपटीने ओलांडली जाते. शिवाय हे वजन गोळ्यावर नसते, त्याच्याही मागे लटकलेले असते. एक उदाहरण मांडून पाहू. मोटारीच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर २४० सेंटिमीटर, गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे आणि मोटरसायकलचा मध्य गोळ्याच्याही ४० सेंटिमीटर मागे आहे असे धरले, तर कॅरियरसह १५० किलो वजन मागच्या अ‍ॅक्सलपासून १२० सेंटिमीटरवर लोंबकळते. अशा वेळी पुढच्या चाकांवरचा भार ७५ किलोंनी कमी होतो आणि मागच्या अ‍ॅक्सलवर १५० नव्हे तर २२५ किलो जास्तीचे येतात. लहान मोटारीच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर रिकाम्या स्थितीत साधारण सहाशे किलो असतील, तर त्यातला आठवा हिस्सा असा निघून जातो. आणि बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांनी चालतात, वळतात आणि मुख्यतः थांबतातही. स्टिअरिंग पोकळ लागते, हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात आणि ओल्या चढावर चाके जागीच फिरतात. याउलट गोळ्यावर नेमके ५० किलो ठेवले तर पुढचा भार जेमतेम १७ किलोंनी घटतो. पासष्ट-सत्तर किलोंची ट्रायल्स प्रकारची हलकी मोटरसायकल असेल आणि मोटारीचे एस-मूल्य चांगले असेल तरच कॅरियरचा विचार करावा, आणि तेव्हाही कॅरियरचे स्वतःचे वजन मोजायला विसरू नये.

मोटरसायकलचे फक्त पुढचे चाक गोळ्यावरच्या पाळण्यात उचलून मागचे चाक रस्त्यावर फिरू देणारी एक जुळणीही मिळते. तिच्यात गोळ्यावर मोटरसायकलचे साधारण अर्धे वजन येते, म्हणजे मर्यादेचा प्रश्न थोडाफार सुटतो. पण इंजिन बंद असताना मागचे चाक गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवत राहते आणि त्याला तेल नीट पोहोचत नाही, म्हणून लांबच्या प्रवासात साखळी काढून ठेवावी लागते. वळणावर आणि मागे घेताना ही जुळणी त्रासदायक आहे, आणि अनेक ठिकाणी कायद्यालाही ती मान्य नाही. माझ्या मते अडल्यावेळी जवळच्या गॅरेजपर्यंत जाण्यापलीकडे तिचा उपयोग नाही.

आता मोटारीचे आकडे पाहू. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली निर्मात्याची पट्टी असते आणि अनेक मोटारींच्या पट्टीवर चार वजने एकाखाली एक दिलेली असतात: पहिले माणसे-सामानासह मोटारीचे कमाल वजन, दुसरे मोटार आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, तिसरे पुढच्या आणि चौथे मागच्या अ‍ॅक्सलवर चालणारे वजन. समजा पहिला आकडा १४५० आणि दुसरा २०५० आहे, तर पूर्ण भरलेल्या मोटारीमागे ६०० किलो ओढता येतील. दुसरा आकडा छापलेलाच नसेल, किंवा मोटारीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असे लिहिले असेल, तर विषय तिथेच संपतो. काही लहान हॅचबॅकना आणि काही हायब्रिड मोटारींना ओढण्याची परवानगीच नसते, आणि बाजारात त्यांना बसेल असा बार मिळतो म्हणून ती परवानगी मिळत नाही. ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा पुस्तिकेत वेगळी दिलेली असते आणि ती बहुधा कमी असते; मोटरसायकलचे हलके ट्रेलर बिनब्रेकचे असल्यामुळे आपल्याला तोच आकडा लागू होतो. १५० किलोंचा ट्रेलर आणि १५० किलोंची मोटरसायकल मिळून ३०० किलो होतात, आणि ओढण्याची परवानगी असलेल्या बहुतेक लहान मोटारींना एवढे वजन झेपते.

टो बारवरही एक पट्टी असते. तिच्यावर एस-मूल्यासोबत डी-मूल्य हा किलोन्यूटनमधला आकडा असतो; ओढताना आणि ब्रेक मारताना मागे-पुढे बसणारे हिसके तो बार किती सोसू शकतो हे त्यावरून कळते. लागणारे डी-मूल्य काढण्यासाठी मोटारीचे कमाल वजन आणि ट्रेलरचे कमाल वजन टनांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा, त्याला त्यांच्या बेरजेने भागावे आणि आलेल्या उत्तराला ९.८१ ने गुणावे. वरच्या उदाहरणात १.४५ आणि ०.६ टन घेतले तर उत्तर साधारण ४.२ किलोन्यूटन येते, म्हणून ५ किलोन्यूटनचा बार पुरेसा आहे. बार संयुक्त राष्ट्रांच्या नियमन क्रमांक ५५ प्रमाणे मंजूर असेल तर पट्टीवर तशी खूण असते. गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून अँगल वेल्ड करून घेतलेला बार कितीही जाड दिसला तरी वेल्डला थकवा कुठे येईल हे कोणी तपासलेले नसते. तो घेऊ नये. मोटारीच्या नेमक्या मॉडेलसाठी आणि उत्पादनवर्षासाठी बनवलेला, बोल्ट आणि पत्रकासह येणारा संचच घ्यावा. टो बार बसवल्यानंतर नोंदणीपुस्तकात बदल किंवा तपासणी लागते का आणि विमा कंपनीला कळवावे लागते का, हेही खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

गोळ्याचा व्यास ही बारीक वाटणारी पण महत्त्वाची बाब आहे. जगातल्या बऱ्याच देशांत ५० मिलिमीटरचा गोळा प्रमाण मानला जातो, तर अमेरिकी मापाचा दोन इंची गोळा ५०.८ मिलिमीटरचा असतो. फरक एका मिलिमीटरहूनही कमी आहे, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे, कारण ट्रेलरच्या तोंडाशी असलेला, गोळ्यावर बसणारा दोन इंची कप ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उसळी बसली की सुटू शकतो. ट्रेलर आधीच घेतलेला असेल तर त्याच्या कपावर कोरलेले माप वाचूनच बार निवडावा.

बसवण्याचे काम

मोकळा दिवस, सपाट पक्की जमीन आणि एक मदतनीस एवढे तरी हवेच, कारण बार एकट्याने धरून बोल्ट लावणे जमत नाही. सॉकेट पाने, टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने कसला ते दाखवणारा), प्लास्टिकच्या क्लिपा काढायचे चपटे हत्यार, तारेचा ब्रश, जस्तयुक्त प्रायमर, मल्टिमीटर आणि बंपर कापण्यासाठी बारीक दातांचे करवतपाते जवळ ठेवावे. मोटारीचा मागचा भाग जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर टेकवावा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर मोटारीखाली शिरू नये. बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी.

बहुतेक मोटारींत टेललाइट काढल्यावर त्यांच्यामागे बंपरचे स्क्रू दिसतात. उरलेले चाकाच्या कमानीत, खालच्या कडेला आणि डिकीच्या उंबऱ्यावर असतात. सगळे स्क्रू काढल्यावर बंपर चाकाच्या बाजूने आधी बाहेर ओढायचा आणि मग मागे सरकवायचा. इथेच घाई नडते. नंबरप्लेटच्या दिव्याची आणि पार्किंग सेन्सरची वायर बंपरला जोडलेली असते, आणि बंपर हातात येताच ती ताणली जाते. मदतनिसाने बंपर धरून ठेवावा आणि दुसऱ्याने आत हात घालून कनेक्टर सोडवावेत. बंपर जुन्या चादरीवर उताणा ठेवावा.

आत धातूची आडवी पट्टी दिसेल. मागून धडक बसल्यास मार झेलण्यासाठी ती असते, आणि अनेक संचांत टो बारचा आडवा दांडा तिचीच जागा घेतो, म्हणून ती परत बसवायची नसते. पत्रकात काय म्हटले आहे ते पाहावे. स्वतःच्या अंदाजाने ती काढूनही टाकू नये आणि कोंबूनही बसवू नये. सायलेन्सर आड येत असेल तर त्याचे रबरी कडे साबणाच्या पाण्याने ओले करून सरकवावे म्हणजे ते फाटत नाही, आणि सायलेन्सर दोरीने बांधून ठेवावा, पाइपावर लोंबकळू देऊ नये.

चॅसिसच्या दोन लांब पेटीसारख्या दांड्यांत टो बारच्या बाजूच्या पट्ट्या जातात किंवा त्यांना बाहेरून चिकटतात. बऱ्याच मोटारींत त्यासाठीची भोके कारखान्यातच पाडलेली असतात आणि रबरी बुचांनी किंवा चिकटपट्टीने झाकलेली असतात. जिथे पट्टी आणि चॅसिस एकमेकांना टेकणार तिथला मऊ डांबरी थर खरवडून काढावा, कारण त्यावर कसलेला बोल्ट थर दबत गेला की ढिला पडतो; मात्र मूळ रंग खरवडू नये. भोक पाडावे लागलेच तर आधी पत्र्यापलीकडे काय आहे ते पाहावे, कारण इंधनाची टाकी, ब्रेकची नळी आणि वायरिंग याच भागातून जातात. भोकाच्या कडा कानशीने साफ कराव्यात, लोखंडाचा चुरा पुसून काढावा आणि प्रायमर लावून वाळू द्यावे. पोकळ पेटीतून आरपार बोल्ट जात असेल तर संचात दिलेली नळी आत घालणे अनिवार्य आहे. ती नसेल तर बोल्ट कसताना पेटीच्या भिंती आत दबतात, पाना घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात सगळे सैल होते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. सर्व बोल्ट हाताने चार-पाच आटे फिरतील एवढेच लावावेत आणि शेवटचा बोल्ट जागेवर गेल्याशिवाय एकही कसू नये. मी पहिल्यांदा बार बसवला तेव्हा डाव्या बाजूचे बोल्ट लगेच कसून टाकले आणि उजवीकडचे शेवटचे भोक तीन मिलिमीटरने चुकले. भोक मोठे करावे असा मोह तेव्हा फार झाला. पण डावीकडचे बोल्ट सैल करून दांडा हलकेच उचलल्यावर तोच बोल्ट बोटांनी आत गेला. सगळे बोल्ट बसले की दांड्याचा मध्य मोटारीच्या मध्यावर आहे का हे दोन्ही चाकांपासून मोजून पाहावे आणि मगच टॉर्क पान्याने, दोन्ही बाजू आलटून पालटून, दोन फेऱ्यांत कसावे. किती कसायचे ते पत्रकात दिलेले असते. अंदाज यावा म्हणून सांगायचे तर ८.८ दर्जाच्या १० मिलिमीटर बोल्टला साधारण ४५ ते ५० आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टला ८० ते ८५ न्यूटन-मीटर लागतात. बोल्टच्या डोक्यावर दर्जाचा आकडा कोरलेला असतो. हरवलेल्या बोल्टच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला आकडा नसलेला बोल्ट वापरू नये, आणि एकदा काढलेला नायलॉनच्या कड्याचा नट पुन्हा लावू नये.

बंपर परत लावण्याआधी गोळ्याच्या मानेसाठी त्यात खाच करावी लागते. संचासोबत कागदी नमुना येतो. तो बंपरच्या आतल्या बाजूला मध्यरेषेवर चिकटवावा, बाहेरच्या रंगावर चिकटपट्टी लावावी आणि आधी नमुन्यापेक्षा थोडे कमीच कापावे. कापलेले वाढवता येते, वाढलेले कमी करता येत नाही. शेवटी गोळ्याच्या मध्याची उंची मोजावी: भरलेल्या मोटारीत ती जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर असावी.

दिव्यांची जोडणी

ट्रेलर मोटारीचे मागचे दिवे झाकतो, म्हणून ट्रेलरचे दिवे चालणे हा बार बसवण्याइतकाच गंभीर भाग आहे. सात पिनांच्या प्रचलित सॉकेटमध्ये पहिल्या पिनेवर पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, दुसरीवर निळी मागच्या फॉगलाइटची, तिसरीवर पांढरी अर्थिंगची, चौथीवर हिरवी उजव्या इंडिकेटरची, पाचवीवर तपकिरी उजव्या टेललाइटची, सहावीवर लाल ब्रेकलाइटची आणि सातवीवर काळी डाव्या टेललाइटची असते. मात्र ट्रेलर जुना असेल तर रंगांवर विश्वास ठेवू नये, मल्टिमीटरने प्रत्येक तार तपासावी.

जुन्या साध्या मोटारीत टेललाइटच्या तारांना जोड देऊन काम भागते. नव्या मोटारींत दिव्यांवर संगणकाची नजर असते आणि सरळ जोड दिला तर तो दिवा उडाल्याची सूचना देतो, किंवा जास्तीच्या प्रवाहाने त्याचे नियंत्रण युनिट निकामी होते. अशा मोटारीत बॅटरीपासून फ्यूजसह वेगळी तार घेणारे रिले-मॉड्यूल किंवा मॉडेलसाठीच बनवलेला वायरिंगचा संच लावावा. नंतरच्याला कधी कधी अधिकृत केंद्रात नोंद करून घ्यावी लागते, पण ट्रेलर जोडला की पार्किंग सेन्सरची किणकिण तो आपोआप बंद करतो.

अर्थिंगची तार बाकीच्यांपेक्षा जाड हवी, कारण सगळ्या दिव्यांचा प्रवाह तिच्यातूनच परत येतो. दोन ब्रेकलाइट, दोन टेललाइट आणि दोन्ही इंडिकेटर एकदम लावल्यास ट्रेलरचे बल्ब साधारण ९५ वॉट घेतात, म्हणजे बारा व्होल्टवर जवळजवळ आठ अँपिअर. इतर तारा दीड चौरस मिलिमीटरच्या असल्या तर ही अडीचची घ्यावी आणि रंग घासून उघड्या केलेल्या पत्र्यावर कसून वर ग्रीस लावावे. इंडिकेटर लावल्यावर टेललाइटही मंदपणे उघडझाप करू लागले तर बल्ब बदलत बसू नये. दहापैकी नऊ वेळा दोष अर्थिंगचा असतो.

मोटरसायकल चढवताना

ट्रेलर जोडून हँडब्रेक लावल्यावर, दोन मीटरहून लांब उतरत्या फळीवरून (रॅम्पवरून), बाजूला उभे राहून मोटरसायकल चढवावी आणि दुसऱ्याने मागून आधार द्यावा. पुढचे चाक खोबणीत बसले की चार रॅचेट पट्टे लावावेत: दोन पुढे, फोर्क धरणाऱ्या खालच्या ब्रॅकेटला मऊ फास घालून, आणि दोन मागे, सीटखालच्या चौकटीला. हँडलला बांधलेला पट्टा प्रवासात हँडल वाकवतो आणि आवळतानाही सरकतो. पुढचे शॉकअप निम्मे दबेपर्यंतच पट्टा ओढावा. पूर्ण दाबले तर सील गळू लागतात, आणि अगदीच कमी दाबले तर पहिल्या खड्ड्यात पट्टा ढिला होऊन आकड्यातून निसटतो. साइडस्टँड वर घ्यावा, कारण त्यावर टेकलेली मोटरसायकल पट्ट्यांशी झगडत राहते. पट्ट्यांची मोकळी टोके गाठ मारून ठेवावीत, नाहीतर ती चाकात जातात.

गोळ्यावर किती भार येतो ते घरच्या वजनकाट्यानेच मोजता येते. ट्रेलर मोटारीपासून सोडवून सपाट जागेवर उभा करावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि ट्रेलरचा कप गोळ्याच्याच उंचीवर राहील एवढा लाकडाचा तुकडा काट्यावर उभा करून त्यावर कप टेकवावा. तीनशे किलोंच्या ट्रेलरला २५ ते ३० किलो दिसले की समाधान मानावे. आकडा फार कमी किंवा उणे असेल, म्हणजे कप वर उचलला जात असेल, तर ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो. तेव्हा खोबण पुढे सरकवावी. आकडा एस-मूल्याच्या वर गेला तर खोबण मागे घ्यावी. चार-पाच सेंटिमीटरनेही काटा चांगलाच हलतो.

ट्रेलर जोडताना कुलूप बसल्याचा आवाज ऐकू आला तरी तेवढ्यावर थांबू नये: ट्रेलरचे तोंड दोन्ही हातांनी वर ओढावे, मोटारीचा मागचा भागही सोबत उचलला गेला तरच कप पकडला आहे. सुरक्षा साखळी गोळ्याच्या मानेला न गुंडाळता बारवर त्यासाठी दिलेल्या कड्यात अडकवावी. दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. पहिल्या टप्प्यात ते हमखास एक-दोन दाते सैल होतात. ट्रेलर डुलू लागला तर स्टिअरिंगने त्याला सावरायला जाऊ नये आणि वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढावा.

ट्रेलरसह सुमारे हजार किलोमीटर झाले की टो बारचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. त्या वेळी गोळाही कॅलिपरने मोजावा आणि तो कुठेही ४९ मिलिमीटरवर आला असेल तर बदलावा.